उंची-काळाचा आलेख आणि चेंडूची वाट

चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला आणि ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर त्याचा उंची-काळाचा आलेख काढला, की पडद्यावर पॅराबोला, म्हणजे कमानीसारखी वक्ररेषा, उमटते. तोच चेंडू तिरका फेकून त्याची हवेतली वाट काढली, तरी पॅराबोलाच. मुलं इथे गोंधळतात, आणि बराचसा दोष यंत्राच्या मांडणीचा आहे. टीआय-८४ या ग्राफिंग कॅल्क्युलेटरच्या नेहमीच्या फंक्शन मोडमध्ये आडव्या अक्षावर काळ असला तरी समीकरणात ‘एक्स’च लिहावा लागतो. शिवाय ट्रेसचा, म्हणजे आलेखावरचा एकेक बिंदू दाखवणारा, कर्सर त्या कमानीवरून सरकू लागला, की चेंडूच उडतोय असं वाटतं. खरं तर तो फेकणाऱ्याच्या डोक्यावर सरळ वर जाऊन सरळ खाली येत असतो.

फरक दाखवायला पॅरामेट्रिक मोड हवा. तिथे दोन समीकरणं वेगवेगळी लिहायची, दोन्ही काळावर अवलंबून: अंतर = ८ × काळ, उंची = २० × काळ − ४.९ × काळ². हवेचा रोध धरलेला नाही. आता फक्त तो ८, म्हणजे आडवा वेग, बदला. १६ केला की वाट दुप्पट रुंद होते, चेंडू ३२.७ ऐवजी ६५.३ मीटरवर पडतो. शून्य केला की कमान मिटून उभी रेघ उरते. उंची-काळाचा आलेख मात्र तिन्ही वेळा तसूभरही हलत नाही: २.०४ सेकंदांनी २०.४ मीटरवर शिखर, ४.०८ सेकंदांनी जमीन.

खरी मेख चढात आहे. उंची-काळाच्या आलेखाचा चढ म्हणजे उभा वेग, तर वाटेचा चढ म्हणजे चेंडूची त्या क्षणीची दिशा. शिखरावर चढ दोन्हीकडे शून्य. पण वाटेवर त्याचा अर्थ एवढाच, की चेंडू अगदी आडवा चाललाय, सेकंदाला ८ मीटरने. तिरक्या चेंडूबद्दल विचारल्यावर ‘वर पोचला की क्षणभर थांबतो’ असं जे उत्तर येतं, ते उंची-काळाचा आलेख डोक्यात ठेवून दिलेलं असतं.

आपल्याकडे बारावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. म्हणून वर्गात ही यंत्रं क्वचितच दिसतात. पण मोबाइलवरचं डेस्मॉस हे आलेख काढायचं अ‍ॅप फुकट आहे. त्यात अंतर आणि उंचीची जोडी कंसात लिहा आणि काळाची मर्यादा १ वरून ४.०८ करा. आडव्या वेगाला स्लायडर लावा. तो सरकवण्याआधी मुलांना विचारा: उंची-काळाचा आलेख आणि चेंडूची वाट, या दोन चित्रांपैकी कोणतं बदलेल?