रिकाम्या कवचाची लस

"लसीतून तोच विषाणू मुलीच्या अंगात गेला आणि पुढे त्यानंच कॅन्सर झाला तर?" गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) लसीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी आई काळजीपोटी विचारत असते. "तसं काही होत नाही" एवढ्यावर तिची बोळवण करणं मला पटत नाही, कारण का होत नाही हेच या लसीतलं सगळ्यात सुंदर विज्ञान आहे.

एचपीव्ही म्हणजे प्रथिनांचं गोल कवच आणि आत डीएनएचं वेटोळं. याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के कर्करोग त्यातल्या १६ आणि १८ या दोनच प्रकारांमुळे होतात. जर्मन विषाणुशास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटानं १९८३-८४ मध्ये हे दोन प्रकार शोधले; त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. खरा घात करतो तो आतला डीएनए. त्यातल्या ई६ आणि ई७ या जनुकांपासून बनणारी प्रथिनं पेशीच्या विभाजनाला लगाम घालणाऱ्या पी५३ आणि आरबी या प्रथिनांना निकामी करतात.

लसीत हा डीएनए नसतोच. असतं फक्त कवच, तेही रिकामं.

हे कवच मुख्यतः एल१ नावाच्या प्रथिनाचं असतं. त्याचे पाच-पाच रेणू जुळून एक गाठ होते आणि अशा ७२ गाठींचा गोल तयार होतो. म्हणजे ३६० रेणू. हा गोल बांधायला कोणी कारागीर लागत नाही, रेणू आपले आपणच जुळतात. विषाणूशिवाय प्रयोगशाळेत अशी कवचं तयार होतात, हे ऑस्ट्रेलियात इयन फ्रेझर आणि जियान झोउ यांनी १९९१ मध्ये दाखवलं. पण ती फार थोडी बनत. १९९३ मध्ये जॉन शिलर आणि डग्लस लोवी यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत त्याचं कारण सापडलं. सगळे जण वापरत होते ते १६ नंबरचं एल१ जनुक एका कर्करोगाच्या गाठीतून घेतलेलं होतं. गाठीतल्या पेशींत विषाणूला नवी कवचं बांधायचीच नसतात, त्यामुळे त्या जनुकात चूक शिरली तरी विषाणूचं काही अडत नाही. प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदललं होतं, अॅस्पार्टिक आम्लाच्या जागी हिस्टिडीन. कर्करोग न झालेल्या ठिकाणच्या विषाणूचं जनुक घेताच कवचं भराभर जुळू लागली. एका अमिनो आम्लावर अख्खी लस अडली होती! मग हे जनुक यीस्टमध्ये घालून कवचं बनवता आली आणि २००६ मध्ये पहिली लस आली. झोउ ती पाहायला नव्हते. १९९९ मध्येच ते वारले.

खरा विषाणू त्वचेच्या थरातच दबून राहतो, रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही. म्हणून प्रतिकारसंस्थेला त्याची नीट चाहूलच लागत नाही. लसीतली कवचं थेट स्नायूत जातात. एकाच आकाराच्या नक्षीची ओळीनं पुनरावृत्ती दिसली की बी पेशी जोरात कामाला लागतात आणि नैसर्गिक संसर्गानंतर तयार होतात त्याच्या कितीतरी पट अँटीबॉडी बनवतात. हा विषाणू बारीक ओरखड्यांतून तळाच्या पेशींपर्यंत पोहोचतो. ओरखडा पडला की रक्तातल्या अँटीबॉडी नेमक्या तिथेच पाझरतात आणि विषाणू पेशीत शिरण्याआधी त्याला घेरतात.

एकदा तो आत शिरला की मात्र लस उपयोगाची नाही. तळाच्या पेशीत त्याचा डीएनए असतो, एल१ नसतं. अँटीबॉडी धरणार काय? म्हणून ही लस ९ ते १४ वर्षांच्या वयात, लैंगिक संबंध सुरू होण्याआधी द्यायची. मुलीच्या चारित्र्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. या वयात एक डोसही पुरतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींची नोंद तपासली, तेव्हा त्यांच्यात पसरलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एकही रुग्ण सापडला नाही.

"विषाणू मुळासकट घालवतो" म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांविषयी एक सांगायलाच हवं. दहापैकी सुमारे नऊ संसर्ग एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच निपटतं. त्या काळात काहीही घेतलं तरी गुण आल्यासारखा वाटणारच.

उरलेल्या संसर्गांपैकी काहींचा कर्करोग व्हायला बहुधा १५-२० वर्षं लागतात. तो काळ तपासणीसाठी मिळतो. लसीत नसलेले घातक प्रकारही आहेत, म्हणून लस घेतलेल्या स्त्रियांनीही तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायची असते.