ओडीबी फाइलीतले इंजिन: बेसच्या अंतर्भूत डेटाबेसची पार्श्वभूमी

ओपनऑफिस.ऑर्ग या मुक्त ऑफिस-संचाच्या २००२ च्या १.० आवृत्तीत स्वतःचा डेटाबेस नव्हता. त्याच्या स्टारऑफिस या सशुल्क आवृत्तीसोबत अडाबास डी हा डेटाबेस मिळत असे, पण तो मुक्त परवान्याचा नसल्याने ओपनऑफिस.ऑर्गमध्ये घेता येत नव्हता. परिणामी डीबेस या जुन्या डेटाबेसच्या फाइली वापरणे किंवा ओडीबीसी-जेडीबीसी या जोडणीच्या प्रमाण पद्धतींमार्फत बाहेरचा सर्व्हर जोडणे, एवढेच मार्ग उरत. ऑक्टोबर २००५ मध्ये २.० आवृत्तीबरोबर बेस हा डेटाबेसचा प्रोग्रॅम आला (त्याच्या फाइली म्हणजे ओडीबी) आणि त्यात डेटा सांभाळणारे एचएसक्यूएलडीबी १.८ हे इंजिन बसवण्यात आले.

या निवडीवर तेव्हा जो वाद झाला, तो मुख्यतः जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचा होता. एचएसक्यूएलडीबी जावात लिहिलेले असल्याने बेसमध्ये साधे कोष्टक उघडायलाही जावा बसवणे भाग पडले, आणि जावाचा अधिकृत संच तोपर्यंत मुक्त नव्हता. त्याचा स्रोत जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला होण्यास नोव्हेंबर २००६ मध्ये सुरुवात झाली. मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप रास्तच होता. काही लिनक्स वितरणांनी जीसीजे या मुक्त कंपायलरच्या आधारे वाट काढली, पण ती तात्पुरतीच ठरली.

‘मग एसक्यूलाइट का घेतले नाही?’ हा प्रश्न मात्र आजही जितक्या सहजपणे विचारला जातो, तितका तो सोपा नाही. एसक्यूलाइट हे डेटाबेस इंजिन सी भाषेत लिहिलेले, आटोपशीर आणि सार्वजनिक मालकीचे होते, हे खरे. परंतु २००५ मधले एसक्यूलाइट आजचे नव्हते. परकीय की (एका कोष्टकाचा दुसऱ्याशी संबंध बांधणारा नियम) लिहिली तर ते ती वाचत असे, पण तिचे पालन करून घेत नसे. ती सोय ऑक्टोबर २००९ मध्ये आली. स्तंभ काढून टाकण्याची आज्ञा २०२१ पर्यंत नव्हती. पूर्णांकाच्या स्तंभात मजकूर भरला तरी तो निमूट साठवला जाई. ज्या साधनात नवखा माणूस माऊसने कोष्टके रचतो, स्तंभ घालतो आणि खोडतो, त्याच्याखाली असे इंजिन ठेवणे त्या वर्षी धोक्याचेच ठरले असते. ती निवड त्या काळापुरती योग्य होती, असे माझे मत आहे.

खरी चूक साठवणुकीत झाली, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले गेले. ओडीबी फाइल ही प्रत्यक्षात झिप, म्हणजे अनेक फाइलींचे एक गाठोडे, असते. ती उघडून पाहिली की ‘डेटाबेस’ या फोल्डरात स्क्रिप्ट, डेटा, बॅकअप आणि प्रॉपर्टीज अशा फाइली दिसतात. एकच फाइल ईमेलने पाठवता यावी, हा हेतू चांगला होता. पण झिपमधली एक नोंद जागच्या जागी बदलता येत नाही, सगळे गाठोडे नव्याने बांधावे लागते. त्या क्षणी वीज गेली किंवा प्रोग्रॅम कोसळला, तर अख्खी फाइल हातची जाऊ शकते. म्हणूनच जाणकार आजही डेटा ओडीबीबाहेर ठेवण्याचा सल्ला देतात.

२०१० मध्ये ओपनऑफिस.ऑर्गपासून वेगळ्या झालेल्या लिब्रेऑफिसने जावातून सुटका करून घेण्यासाठी फायरबर्डची निवड केली. २००० मध्ये खुल्या झालेल्या इंटरबेसच्या स्रोतावरून आलेले हे इंजिन जानेवारी २०१४ च्या ४.२ आवृत्तीत प्रायोगिक म्हणून दाखल झाले. त्याच्या २.५ मालिकेत बुलियन (खरे-खोटे) प्रकारच नव्हता, तो ३.० मध्ये आला आणि मगच जुन्या कोष्टकांचे स्थलांतर शक्य झाले. यंत्रागणिक फाइलीची अंतर्गत रचना बदलत असल्याने ओडीबीत मूळ डेटाबेसऐवजी त्याचा बॅकअप ठेवण्याचे ठरले, म्हणजे झिपचे बंधन इथेही कायम राहिले.

२०१८ च्या ६.१ आवृत्तीच्या सुमारास स्थलांतराचे साधन आले, तेव्हा अडचणी उघड झाल्या. जतन केलेल्या क्वेरीत (डेटाला विचारलेल्या प्रश्नात) वर्ष काढण्यासाठी वापरलेले ‘इयर’ हे फंक्शन फायरबर्डला कळत नाही, त्याला ‘एक्स्ट्रॅक्ट’ लागते. अशा क्वेरी हाताने दुरुस्त कराव्या लागतात. मराठीत कोष्टके करणाऱ्यांना आणखी एक मर्यादा भोवते. फायरबर्ड ३ मध्ये कोष्टकाचे किंवा स्तंभाचे नाव ३१ बाइटांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटी आणि हलन्त धरून, ३ बाइट घेते. ‘विद्यार्थी’ हे नाव ३० बाइटांत जेमतेम बसते, ‘विद्यार्थिनी’ बसत नाही. ही मर्यादा फायरबर्ड ४ मध्ये ६३ अक्षरांपर्यंत वाढवण्यात आली. एचएसक्यूएलडीबी मात्र लिब्रेऑफिसमधून अजून काढलेले नाही, कारण २००५ पासून साठत आलेल्या अनेक ओडीबी फाइली त्याच्यावरच चालतात.