बोर्डो मिश्रणाच्या गावचं द्राक्ष

पावसाच्या तोंडावर कोकणातल्या पोफळीच्या बागेत जा, सुपारीचे घोस निळसर फवाऱ्याने माखलेले दिसतील. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी: कोळेरोगावरचं हे बोर्डो मिश्रण. ते जमलं की नाही हे बघायला घासलेला विळा त्यात बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून निवळी ओतायची. फ्रान्समधल्या बोर्दो शहराचं नाव आमच्याकडे असं मोरचुदाबरोबर आलं. ज्या द्राक्षबागांसाठी हे मिश्रण निघालं, त्यांतलंच एक द्राक्ष आता वाईनच्या बाटलीतून मालवण, गणपतीपुळ्याच्या जेवणाच्या टेबलावर येतं: सोव्हिन्यॉन ब्लाँ. पांढरी, कोरडी, जिभेच्या कडांना झोंबणारी वाईन.

१८७८च्या सुमारास अमेरिकेतून केवडा हा पानं झडवणारा बुरशीसारखा रोग फ्रान्सच्या वेलींवर पोचला. बोर्दोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद आणि चुना फासायची रीत होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. १८८२मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं की बाकी बाग झडली, पण फासलेल्या वेलींची पानं टिकली. १८८५मध्ये त्याने हा उपाय जाहीर केला.

त्याआधी फायलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उजाड केल्या होत्या. त्यावर उपाय सापडला तो कलमाचा: खुंट अमेरिकन वेलीचा, वर डोळा आपल्या जातीचा. हापूसची कलमं बांधणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको. लुआर नदीकाठच्या सॉन्सेर गावात पूर्वी पिनो न्वार हे काळं द्राक्ष जास्त होतं. नव्याने लागवड करताना तिथे सोव्हिन्यॉनने जम बसवला. १९३६मध्ये सॉन्सेरच्या पांढऱ्या वाईनला गावाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं. नदीपलीकडच्या पुयी-फ्युमे या वाईनलाही पुढच्याच वर्षी ते मिळालं. चुनखडीची आणि गारगोटीची जमीन, थंड हवा. तिथली वाईन सडसडीत, लिंबाच्या सालीसारखी. बोर्दोत मात्र याच द्राक्षात सेमियों हे दुसरं पांढरं द्राक्ष मिसळून अंगाने भरलेली वाईन करतात, आणि तिथल्याच सोतेर्न भागातली गोड वाईनही. काळं काबर्ने सोव्हिन्यॉन हे काबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यॉन ब्लाँ यांचं अपत्य आहे, हे १९९७मध्ये कॅलिफोर्नियात डीएनए तपासणीतून सिद्ध झालं. आमच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना आंबा काढला, तो माणसाने ठरवून. काबर्नेचा संकर मात्र कुणीही न ठरवता बागेतच कधीतरी झालेला.

या द्राक्षाचा खरा स्वभाव कळतो तो वासात. पेला नाकाशी नेला की पहिल्यांदा ढोबळी मिरची चिरल्याचा हिरवा वास येतो. हे नुसतं वर्णन नाही. मिरचीत जे पायराझिन नावाचं वासाचं द्रव्य असतं, तेच या द्राक्षात असतं. घडावर ऊन पडलं, फळ पिकत गेलं की ते कमी होतं. म्हणून थंड जागची वाईन हिरवी लागते, उष्ण जागची कमी. दुसरा वास पॅशनफ्रूट आणि पपनसाचा. तो थायोल या गंधकाच्या संयुगांचा. ही संयुगं रसात बांधलेली असतात, त्यामुळे द्राक्ष चावून तो वास लागत नाही. आंबवताना यीस्ट ती मोकळी करतं. १९९०च्या दशकात बोर्दोत द्युबुर्दिये आणि तोमिनागा या संशोधकांनी हे उलगडलं. मला यातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं, की वास फळातच असतो, पण वाईन झाल्याशिवाय कळत नाही.

हे दोन्ही वास एकाच पेल्यात ठासून भरले ते न्यूझीलंडच्या मार्लबरोने. भरपूर ऊन आणि गार रात्री, असा तो भाग. मोंटाना कंपनीने १९७३मध्ये तिथे द्राक्षं लावली, १९८५मध्ये क्लाउडी बे ही वाईन कंपनी सुरू झाली, आणि जगभर त्या वाईनची चव लागली. सॉन्सेरच्या बाटलीवर गावाचं नाव असतं, द्राक्षाचं बहुधा नसतं. मार्लबरोने द्राक्षाचं नाव ठळक छापलं. जातीचं नाव मोठं की गावाचं, हा वाद आम्हाला नवा नाही. देवगड की रत्नागिरी यावर घराघरात भांडणं होतात. २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते कोकणाच्या पाच जिल्ह्यांना मिळून.

कोकणात हे द्राक्ष का नाही, याचं उत्तर पुन्हा केवड्याशीच येतं. पावसाळाभर ओली राहणारी पानं म्हणजे केवड्याला आमंत्रण, आणि समुद्राकाठच्या उबदार रात्री फळातली आंबटाई टिकू देत नाहीत. घाटावर नाशिकला सुमारे ६०० मीटर उंची, कोरडा हिवाळा. एप्रिलात वाढीसाठी खरड छाटणी, पाऊस ओसरल्यावर फळासाठी गोडी छाटणी, जानेवारीपासून तोडणी. सुला कंपनीने १९९७मध्ये तिथे सोव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ हे दुसरं पांढरं द्राक्ष लावलं, २०००मध्ये पहिली वाईन बाजारात आली. फेब्रुवारीत ऊन तापू लागलं की आंबटाई भराभर उतरते, म्हणून तोडणी लवकर साधावी लागते. त्यामुळे आपल्याकडची वाईन मार्लबरोइतकी धारदार होत नाही. मला तिच्यात पेरू आणि गवती चहा जास्त जाणवतात.

तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर, तळलेल्या बोंबलाबरोबर ती छान जाते. बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या तिखल्यासमोर मात्र तिचा वास पार दबतो. तिथे सोलकढीच घ्यावी.