द्राक्षाची साखर, एकलहऱ्याची वाफ

180 ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जाळलं, की 2803 किलोज्यूल उष्णता मिळते. नाशिकच्या वाईनच्या द्राक्षांचा लिटरभर रस काढला, तर साधारण एवढी साखर त्यात असतेच. आता ती जाळण्याऐवजी यीस्टच्या हवाली करू. तिचं अल्कोहोल होईल, आणि ते सगळं जाळलं तर 2734 किलोज्यूल मिळतील. मधले 69 गेले कुठे? आंबण्याच्या काळातच बाहेर पडले. प्रत्यक्ष रसात, सगळं पाण्यात विरघळलेलं असल्यामुळे, हा आकडा आणखी मोठा असतो. ही उष्णता काढून घेतली नाही तर रस पंधरा अंशांहून जास्त तापेल आणि यीस्ट मरायला लागेल. वायनरीतल्या टाक्या थंड ठेवाव्या लागतात त्या यासाठी.

साखरेपासून अल्कोहोलपर्यंत यीस्टला बारा रासायनिक अभिक्रिया कराव्या लागतात. वरच्या वजाबाकीत त्यातली एकही आली नाही. सुरुवात आणि शेवट कळले, की एन्थाल्पीतला फरक, म्हणजे स्थिर दाबाला दिली-घेतली जाणारी उष्णता, ठरतो. रसायनशास्त्रज्ञ जर्मेन हेस यांनी 1840 मध्ये हे मांडलं, तेव्हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमही प्रस्थापित झालेला नव्हता! एन्थाल्पी, अंतर्गत ऊर्जा, एन्ट्रॉपी, तापमान, दाब ही सगळी अवस्था फलनं, म्हणजे स्टेट फंक्शन्स: पदार्थ आत्ता कोणत्या अवस्थेत आहे एवढ्यावर ती ठरतात, तिथे कसा पोचला यावर नाही.

उष्णता आणि कार्य मात्र मार्ग फलनं आहेत, म्हणजे ती कोणत्या वाटेनं गेलो यावर ठरतात. बारावीत हे वाक्य पाठ होतं आणि तिथेच राहतं, याची मला खंत वाटते. कारण आपल्या घरातली वीज त्यावर उभी आहे.

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात 210 मेगावॅटचे संच आहेत. तिथे बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते, कंडेन्सरमध्ये थंड होऊन तिचं पुन्हा पाणी होतं आणि पंप ते बॉयलरमध्ये ढकलतो. फेरी संपली की पाणी मूळ दाबाला, मूळ तापमानाला. त्याच्या अंतर्गत ऊर्जेतला बदल शून्य. कार्यही फक्त सुरुवात आणि शेवटावर ठरत असतं, तर तेही शून्यच आलं असतं आणि जगातलं एकही इंजिन चाललं नसतं.

चालतं, कारण जायची वाट वाफेची आहे आणि परतीची पाण्याची. वातावरणाच्या दाबाला उकळताना पाणी सुमारे 1,700 पट फुगतं. इतक्या फुगणाऱ्या वाफेकडून टर्बाइन भरपूर कार्य काढून घेतं. पाण्याचं आकारमान त्यापुढे नगण्य, त्यामुळे तेच पाणी बॉयलरच्या दाबापर्यंत नेताना पंपाला फार थोडं कार्य करावं लागतं. वाफेला वाफ ठेवूनच परत दाबायची म्हटली असती, तर मिळालेलं जवळजवळ सगळं तिथेच खर्च झालं असतं. या सवलतीची किंमत कंडेन्सरमध्ये मोजावी लागते. कोळशातून आलेल्या उष्णतेचा निम्म्याहून मोठा भाग तिथे थंड पाण्याच्या हवाली करावा लागतो.

हा वाटा वाटेवर अवलंबून आहे, म्हणून तो बदलता येतो. नव्या सुपरक्रिटिकल केंद्रांत पाण्याचा दाब 221 बारच्या वर नेतात. तिथे पाणी उकळत नाही, बुडबुडे न येता सलग वाफेसारखं होत जातं. फेरी संपवून तेही मूळ अवस्थेत येतं, पण तेवढ्याच कोळशातून जास्त वीज देऊन.