काडतुसे पुन्हा भरण्याच्या जुन्या यंत्रांची पार्श्वभूमी

बंदुकीच्या काडतुसाचे चार भाग असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला, दारू पेटवणारा प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार उडाला की दारू जळते, गोळी निघून जाते आणि प्रायमर निकामी होतो. शिल्लक राहते ती पुंगळी, आणि काडतुसाच्या किमतीतला मोठा वाटा याच पुंगळीचा असतो. स्फोटाच्या दाबाने फुगलेली ही पुंगळी पुन्हा मूळ मापात आणणे, जुना प्रायमर बाहेर ढकलून नवा बसवणे आणि दारू भरून झाल्यावर तोंडाशी गोळी दाबून बसवणे, ही कामे करणाऱ्या हातयंत्राला रिलोडिंग प्रेस म्हणतात. अमेरिकेत अशा जुन्या प्रेस गोळा करून त्या पुन्हा चालत्या करणाऱ्या संग्राहकांचा मोठा वर्ग आहे. ही यंत्रे टंचाईतून आणि काटकसरीतून जन्मली, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांची घडण, त्यांच्यावरची झीज आणि संग्राहकांची आवडनिवड यांपैकी काहीच नीट उलगडत नाही.

पुंगळी पुन्हा वापरता येईल की नाही, हे मुळात प्रायमरच्या रचनेवर ठरते. 1860च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन पद्धती जवळपास एकाच वेळी पुढे आल्या. इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत प्रायमरच्या आतच छोटी ऐरण असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण पुंगळीच्याच बुडात घडवलेली असते आणि तिच्या बाजूंना बारीक भोके असतात. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत तोंडाकडून एक सरळ सुई घातली की प्रायमर सहज बाहेर पडतो. बर्डन पद्धतीत ते जमत नाही. पुढे इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची पद्धत युरोप खंडात. घरी बसून काडतुसे भरण्याची परंपरा अमेरिकेत एवढी का फोफावली, याची अनेक कारणे सांगता येतात. पण हे मधोमधचे एक भोक त्यांत पहिले मानावे, असे मला वाटते.

1870च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मैदानांत बायसनांची शिकार करणारे धंदेवाईक शिकारी शार्प्ससारख्या जड रायफली वापरत. वस्ती आणि रेल्वे दूर असल्यामुळे तयार काडतुसांपेक्षा शिसे, दारू आणि प्रायमर यांचा साठा बरोबर नेणे त्यांना परवडे, आणि संध्याकाळी तळावर बसून ते दिवसभराच्या पुंगळ्या पुन्हा भरत. सैन्याचीही हीच गरज होती. सरावासाठी पुरेशी काडतुसे मिळावीत म्हणून लष्करी ठाण्यांवर पुंगळ्या पुन्हा भरण्याची साधने दिली जाऊ लागली. विंचेस्टरसारखे बंदूक बनवणारे कारखाने स्वतःच्या रायफलींबरोबर भरण्याची हत्यारेही विकत. म्हणजे आरंभी हे साधन बंदुकीचाच एक जोडभाग होते. त्याचा स्वतंत्र धंदा नंतर उभा राहिला.

तो उभा केला जॉन बार्लो यांनी. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन येथे 1884च्या सुमारास त्यांनी आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी सुरू केली. तिचे हत्यार अडकित्त्यासारखे होते: दोन दांडे, मध्ये बिजागरी आणि तोंडाशी एकेका कामाच्या खाचा. काही प्रकारांत दांड्यांमध्येच गोळी ओतण्याचा साचा असे, त्यामुळे एकाच हत्यारावर शिसे ओतण्यापासून गोळी बसवण्यापर्यंतचे काम उरकता येई. मात्र साचा तापला की लोखंडी दांडेही तापत, आणि ते हातात धरणे कठीण होई. अंगावर काडतुसाचे माप कोरलेली आणि निकेलचा मुलामा अजून टिकून असलेली ही हत्यारे आज संग्रहात पहिल्या रांगेत असतात. ती एकेका काडतुसापुरतीच घडवलेली असल्याने मापांची विविधता प्रचंड आहे, आणि कित्येक मापांची काडतुसे आज बनतही नाहीत. बार्लो यांनी 1910 मध्ये धंदा मार्लिन कंपनीला विकला; पुढे तो मध्यंतरी आणखी एका हाती जाऊन 1925 मध्ये मिडलफील्डच्या लायमन कंपनीकडे आला. लायमनने 310 या नावाने हे दुदांडी हत्यार नंतरही कित्येक वर्षे बनवले.

धूर न करणारी दारू आल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, या कामात एक अडचण उभी राहिली. त्या काळच्या प्रायमरमध्ये पाऱ्याचे संयुग असे. काळ्या दारूच्या भरपूर काजळीत तो पारा बव्हंशी मिसळून जाई, पण नव्या दारूला काजळी फारशी नसल्यामुळे तो थेट पितळात शिरे आणि पुंगळी ठिसूळ होऊन पुन्हा भरण्याजोगी राहत नसे. पाऱ्याऐवजी पोटॅशियम क्लोरेटचे मिश्रण वापरले तर पुंगळी वाचे, पण जळल्यावर उरणाऱ्या क्षारामुळे नळीला गंज चढे. 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात गंज न आणणारे प्रायमर अमेरिकी बाजारात येऊ लागल्यावर हा पेच सुटू लागला. जुन्या प्रेसबरोबर अनेकदा तिच्या मूळ मालकाचे प्रायमरचे आणि दारूचे डबेही मिळतात. ते नमुने म्हणून मोलाचे वाटले तरी वापरण्याजोगे मुळीच समजू नयेत. त्यांची जाणकारांकरवी सुरक्षित विल्हेवाट लावणेच योग्य.

याच दशकांत काम हातातल्या हत्यारावरून टेबलाला बोल्टने पक्क्या केलेल्या प्रेसवर आले. नवी दारू जास्त दाब निर्माण करी, पुंगळ्या जास्त फुगत आणि त्यांना पूर्ण लांबीत मूळ मापावर आणायला मनगटाचे बळ पुरेनासे झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅसिफिक गन साइट कंपनीची प्रेस या बदलाचे ठळक उदाहरण मानली जाते: एका बाजूने उघडा, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा सांगाडा, खालून वर येणारा दट्ट्या, त्याला ढकलणारी जोडतरफ आणि वरच्या बाजूला आट्यांवर फिरवून बसवायची डाय, म्हणजे पुंगळीला आकार देणारा पोकळ साचा. डायचे हे आटे पुढे पाऊण इंचाहून थोड्या मोठ्या, म्हणजे सातअष्टमांश इंच व्यासाचे आणि इंचाला 14 या मापाचे, असे सर्वमान्य झाले, आणि ते माप आजतागायत चालू आहे. त्यामुळे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या कित्येक प्रेसवर आज दुकानातून आणलेली नवी डाय सरळ बसते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत परिणामकारक घटना होय, कारण जुन्या यंत्रांची कायमची विभागणी तिने केली. या मापापूर्वीची किंवा मापाबाहेरची यंत्रे मूळ सुट्या भागांविना मुकी राहतात. मापातली यंत्रे थोड्या कष्टाने पुन्हा कामाला लागतात. पुंगळीचे बूड पकडणाऱ्या धारकाचे मात्र एकमत व्हायला आणखी बराच काळ गेला, आणि उत्तम स्थितीतली प्रेस केवळ योग्य धारक नसल्याने अडून राहिल्याची उदाहरणे संग्राहकांना ठाऊक असतात.

दुसऱ्या महायुद्धात दारू आणि प्रायमर नागरिकांना मिळेनासे झाले. युद्ध संपल्यावर उलट पूर आला. कॅन्सस राज्यातल्या ब्रूस हॉजडन यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढून सरकारकडची शिलकी दारू, पहिल्याच खेपेला 50,000 पौंड, विकत घेतली आणि ती स्वस्तात नेमबाजांपर्यंत पोहोचवली. 20 मिलिमीटरच्या तोफांसाठी बनलेली दारूही पुढे याच वाटेने रायफलीच्या काडतुसांत आली. रणांगणावरून परतलेले लाखो तरुण, स्वस्त रायफली आणि स्वस्त दारू यांच्या जोरावर प्रेसना अभूतपूर्व मागणी आली. आज बाजारात दिसणाऱ्या जुन्या प्रेसपैकी बहुसंख्य याच काळातल्या आहेत.

कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या जागेत 1943 मध्ये सुरू केलेला उद्योग याच लाटेवर वाढला. युद्धामुळे चांगल्या गोळ्या मिळत नव्हत्या, म्हणून त्यांनी .22च्या वापरलेल्या पुंगळ्यांचेच कवच करून त्यात शिसे दाबून गोळ्या घडवण्याच्या डाय तयार केल्या. रॉक चक या डोंगराळ भागातल्या प्राण्याच्या शिकारीसाठी त्या गोळ्या असत, आणि त्यावरूनच आरसीबीएस (रॉक चक बुलेट स्वेज) हे नाव पडले. धातू दाबून घडवायला लागणारा जोर उघड्या सांगाड्याला पेलत नाही. तो तोंड फाकवतो आणि डाय दट्ट्याच्या रेषेतून सरकते. म्हणून त्यांच्या सुरुवातीच्या ए मालिकेच्या प्रेस चारही बाजूंनी बंद, बिडाच्या आणि कमालीच्या भक्कम होत्या. त्या काळी अनेक नेमबाज एका मापाच्या पुंगळीला दाबून दुसऱ्याच मापाची स्वतःची काडतुसे घडवत; .22-250 हे काडतूस 1965 मध्ये रेमिंग्टनने अधिकृत करण्यापूर्वी कित्येक वर्षे असेच घराघरांत बनत होते. बंद सांगाड्याच्या प्रेसला मिळालेली पसंती या प्रयोगांतून आली.

हॉलिवूड गन शॉपच्या प्रचंड वजनाच्या प्रेस, मिनेसोटातल्या वासेका येथून टपालाने माल विकणाऱ्या हर्टर्सच्या ओतीव प्रेस, सॅन डिएगोच्या स्टार मशीन वर्क्सचे दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक पूर्ण काडतूस देणारे यंत्र, या सर्वांचे चाहते वेगवेगळे आहेत. स्टारची यंत्रे पोलीस दलांत सरावाची काडतुसे भरायला वापरली जात, त्यामुळे ती खूप काम केलेली आणि तरीही खूप जपलेली आढळतात. त्यांची घडण इतकी नेटकी आहे की बारीक यंत्रकामाची आवड असलेल्या माणसाने, बंदुकीशी काही संबंध नसला तरी, एकदा तरी ती चालताना पाहावीत. तिकडे 1958 मध्ये विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी प्रेसशिवाय, केवळ हातोडीच्या ठोक्यावर चालणारा स्वस्त संच आणून हा उद्योग अगदी सामान्य खिशाच्या माणसापर्यंत नेला.

1968च्या बंदूक नियंत्रण कायद्याने अमेरिकेत राज्याराज्यांत टपालाने काडतुसे आणि त्यांचे भाग पाठवण्यावर बंधने आणली. हर्टर्ससारख्या टपालविक्रीवर उभ्या असलेल्या पेढीला त्याचा मोठा फटका बसला. 1986च्या कायद्याने त्यांतली बरीच बंधने सैल केली. 1968च्या कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारू येतात. प्रेस येत नाही. भारतात परिस्थिती नेमकी उलट आहे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 2 मधल्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्री यांचाही स्पष्ट समावेश आहे, त्यामुळे परवान्याशिवाय अशी प्रेस मागवणे हा आपल्याकडे केवळ जुन्या वस्तूचा व्यवहार ठरत नाही. आपल्याकडे काडतूसनिर्मिती मुख्यतः सरकारी कारखान्यांतच राहिली. 1869 पासूनचा खडकीचा कारखाना हे त्याचे पुण्याजवळचेच उदाहरण आहे. अमेरिकेतल्या मराठी हौशींनी जुनी प्रेस भारतात आणण्याचा विचार करण्यापूर्वी ही व्याख्या जरूर वाचावी.

1980च्या दशकात ॲरिझोनातल्या डिलन कंपनीच्या वेगवान यंत्रांनी घरगुती कामाचा वेग पालटला आणि एकेक क्रिया करणाऱ्या जुन्या प्रेस माळ्यांवर आणि गॅरेजांत जाऊन पडल्या. त्याआधी, 1970च्या दशकात, जुन्या पेढ्याही एकेक करून मोठ्या समूहांत विलीन झाल्या: पॅसिफिक हॉर्नडीकडे गेली, आरसीबीएस 1976 मध्ये ओमार्ककडे. मालक बदलले तसे कारखान्यांचे जुने आराखडे, रंगांचे तपशील आणि सूचीपत्रे विखुरली. संग्राहकांनी संघटना उभारून जुनी सूचीपत्रे, जाहिराती आणि पेटंटांची चित्रे जमवायला घेतली, ती या उणिवेपोटी. कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर बसवलेला, हे ठरवायला आज हाच आधार आहे.

दुरुस्तीचा आरंभ निरीक्षणाने करावा लागतो. बीड ठिसूळ असते; उघड्या सांगाड्याच्या आतल्या कोपऱ्यात केसासारखी बारीक चीर असेल तर ती प्रेस शोभेपुरतीच ठेवावी, कारण बिडाचे जोडकाम भरवशाचे होणे कठीण असते. त्यानंतर जोडतरफेच्या पिना आणि त्यांची भोके पाहायची. वर्षानुवर्षांच्या ताणाने ती लांबट होतात, आणि भोक मोठे करून नवे बुशिंग घालावे लागते. दट्ट्याच्या मार्गाची झीज सर्वांत त्रासदायक. प्रायमरच्या जळक्या राखेचे कण तेलात मिसळून घासणीच्या लेपासारखे काम करतात, आणि दट्ट्या एकदा डगमगू लागला की गोळी सरळ बसत नाही. ही राख आणि जुना रंग, दोहोंतही शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासणे टाळून ओलसर पुसणे, हातमोजे आणि मास्क वापरणे आवश्यक आहे.

रंगाबाबत संग्राहकांत खरा मतभेद आहे. काही जण यंत्र उघडे करून कारखान्यातून आल्यासारखे चकचकीत रंगवतात. काही जण केवळ गंज थांबवून तेलाचा हात फिरवतात. मी दुसऱ्या बाजूचा आहे. कामाच्या प्रेसचा दांडा जिथे हाताने झिजून गुळगुळीत झाला आहे, जिथे मालकाने घरच्या लेथवर घडवलेली पिन बसवली आहे किंवा सांगाड्यावर स्वतःच्या काडतुसाचे माप छिन्नीने ठोकले आहे, तिथे ते यंत्र कोणी, कशासाठी आणि किती वापरले याची नोंद आहे, आणि ग्राइंडर फिरवला की ती नोंद परत मिळत नाही. ज्या प्रेसचा रंग आधीच कोणीतरी खरवडून काढला आहे, तिला नवा रंग द्यायला हरकत नाही. नवा भाग घडवावा लागला तर त्याच्या न दिसणाऱ्या बाजूवर वर्ष कोरून ठेवावे आणि काढलेला झिजका भाग पिशवीत घालून यंत्राबरोबरच पुढच्या मालकाकडे द्यावा.