डेकॅथलॉनचा विजेता आणि ‘परिपूर्ण खेळाडू’

डेकॅथलॉन या ॲथलेटिक्समधील बहुप्रकारी स्पर्धेचा विजेता हाच शास्त्राने सिद्ध केलेला सर्वांत परिपूर्ण खेळाडू, असे विधान वडोदऱ्यातील आखाड्यांपासून मोबाइलवरील संदेशांपर्यंत वर्षानुवर्षे फिरत आले आहे. दोन दिवसांत १० प्रकार पार पाडावे लागत असल्याने तसे वाटणे स्वाभाविक आहे; मात्र यादी कागदावर मांडली, तर त्यांत चार प्रकार धावण्याचे, तीन उड्यांचे आणि तीन फेकीचे आढळतात, आणि दीर्घ दमाची कसोटी केवळ १५०० मीटरच्या शर्यतीत लागते. पोहणे, प्रतिस्पर्ध्याची पकड सोडवणे किंवा (आपल्याकडे हे विसरून कसे चालेल?) मल्लखांबावर तोल सांभाळणे यांना तेथे गुणच नाहीत. शिवाय प्रत्येक प्रकारातील वेळ किंवा अंतर गुणांत बदलणारे गुणतक्ते माणसांनीच ठरवलेले असून ते अनेकदा बदलले आहेत. एकच जुनी कामगिरी दोन वेगवेगळ्या तक्त्यांनी मोजून पाहिल्यास बेरीज निराळी येते.