चकमक, फास आणि कडूकांदा

जंगलात एकटं सापडलं तर जगायचं कसं, हे शिकवणारी शिबिरं हल्ली शहरातल्या पोरांना भुरळ घालतात. विस्तव पाडा, आडोसा उभारा, फास लावा, कंद ओळखा. विदर्भात जंगलकाठच्या गावांत हे चारही धडे होते, फक्त त्यात ‘एकटं’ कुणी नसायचं. घरची, गावची, ठरल्या महिन्यातली ही कामं. लोक ती विसरले असं सरसकट म्हणतात, मला ते पटत नाही. प्रत्येक विद्येचं नशीब वेगळं निघालं.

पहिली गेली ती चकमक, आणि ती कुणी बंद केली नाही. बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बांबूची नळी असायची, तीत सावरीचा कापूस, सोबत गारगोटी आणि लोखंडाचा तुकडा. खरी हुशारी ठिणगी पाडण्यात नव्हती, कापूस कोरडा ठेवण्यात होती. १९२० च्या दशकात देशातच काड्यापेटीचे कारखाने वाढले, पेटी खेड्यातल्या दुकानात आली आणि नळी खुंटीला लागली. तसंही घरात विस्तव नव्यानं पाडायची वेळ क्वचितच यायची. रात्री निखारा राखेत दाबायचा, विझलाच तर शेजारणीकडून गोवरीवर मागून आणायचा.

रानातल्या आगीची गोष्ट मात्र सरळ नाही. मोहाची फुलं मार्च-एप्रिलात पहाटे गळतात आणि वाळक्या पाचोळ्यात दिसत नाहीत. म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी पेटवून जागा साफ करायची, ही जुनी रीत. इंग्रजांनी १८६५ चा आणि मग १८७८ चा वन कायदा आणला, जंगलं ‘राखीव’ झाली. १९२७ च्या कायद्यानंही राखीव जंगलात आग लावणं गुन्हाच ठेवलं. वनखात्याचं सगळं लक्ष सागावर होतं, सागाच्या रोपाला वणवा नको होता. गंमत अशी, की उन्हाळ्यापूर्वी वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढताना खातं स्वतः गवताचे पट्टे जाळतं. वणव्याचं नुकसान खोटं नाही, मोहाखालची आग वाऱ्यानं निसटते आणि टेकडीच्या टेकडी काळी करते. आता काही ठिकाणी झाडाखाली जाळी अंथरतात. फुलंही स्वच्छ मिळतात.

निवाऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बांबू, पळसाची पानं, कुडाच्या भिंती. शेतातलं जागलीचं मचाण अजून टिकून आहे, कारण रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) अजून आहेत.

रानातल्या खाण्याबद्दल मात्र थांबून बोलावं लागेल. पावसाळ्यात तरोटा, काटवल, बांबूचे वास्ते, उन्हाळ्यात टेंभरं आणि चारं. ही चवीची यादी. कडूकांदा हा रानकंद चवीचा नाही. तो कच्चा खाल्ला तर घसा सोलतो आणि उलट्या होतात. लहानपणी मी आजीला तो करताना पाहिलाय. आधी साल काढून पातळ काप, मग चुलीच्या राखेत घोळून उकळायचे, मग टोपलीत भरून टोपली नाल्याच्या धारेत दगडाखाली दाबायची. दोन दिवसांनी ती एक काप जिभेच्या टोकावर ठेवायची आणि नुसतीच बघत बसायची. खाज सुटली की टोपली परत पाण्यात. आम्ही पोरं वैतागायचो. पण विष पाण्यात उतरेपर्यंत कुणाला ताटाशी बसू द्यायचं नाही, हा सगळा अभ्यास त्या बघत बसण्यात होता.

अशा गोष्टींची किंमत कळली ती दुष्काळात. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात १८९६-९७ ला आणि लगेच १८९९-१९०० ला पिकं बुडाली. तेव्हा वाळवून ठेवलेली मोहफुलं आणि रानातले कंद खाऊन माणसं तगली, जंगलापासून लांबच्या काळ्या मातीतल्या मजुरांना तो आधार नव्हता. पुढे मोहाकडे दारू म्हणूनच बघितलं गेलं. मोहफुलं गोळा करण्या-विकण्यावरचे निर्बंध राज्यानं सैल केले ते थेट २०२१ मध्ये.

सगळ्यात वाईट गत फासाची झाली. फासेपारधी या शिकारी जमातीचं नावच त्यावरून पडलं. वऱ्हाडात तितर-लाव्यांसाठी वाटेवर ओळीनं फास मांडायचे, पिंजऱ्यातला पाळीव तितर बोलवायला ठेवायचा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला, त्यात पारध्यांच्या फासांचं वर्णन आहे. दुसरीकडे अख्ख्या जमातीलाच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पारध्यांना चिकटला, तो कागदावरून १९५२ ला निघाला. वीस वर्षांनी, १९७२ ला, वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे उरलीसुरली शिकारही गुन्हा झाली. कायदा हवा होता, यात वाद नाही. पण ज्यांचं पोटच फासावर होतं, त्यांच्या हातात बदल्यात काय दिलं? अकोला-वाशीमकडे काही फासेपारधी आता तणमोरासाठी गवताची कुरणं राखतात. पाखरू कुठे बसतं हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं कागद थोडा उलटा फिरला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, बांबू गावाचा झाला. तेंदूपत्त्याचे लिलावही पुढे अनेक ग्रामसभा स्वतः करू लागल्या.

मोहाला मात्र नवीच अडचण आहे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे वाघ वाढले. आजीच्या वेळी बाया तांबडं फुटायच्या आत झाडाखाली हजर असत. आता वनखातं सांगतं, उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकटं जाऊ नका, वाकून वेचताना एकीनं उभं राहून लक्ष ठेवा. बाया ऐकतात. पण त्या पोचेपर्यंत अर्धी फुलं चितळांनी खाल्लेली असतात.